आकाशातून पाण्याचे माप



माझे शिक्षण सातवीपर्यंतच. चुकले तर सांभाळून घ्या. विहीर किती आटली ते आपल्याला पोहऱ्याच्या दोरावरून कळते. पण साऱ्या पंजाब-हरियाणाचे पाणी कोणी कसे मोजावे?

मार्च २००२ मध्ये ‘ग्रेस’ नावाचे जुळे उपग्रह आकाशात सोडले. एक पुढे, दुसरा सुमारे २२० किलोमीटर मागे. जेथे वजन अधिक तेथे पृथ्वीची ओढ अधिक. म्हणून पुढचा आधी ओढला जातो, मग मागचा. दोघांतले अंतर केसाच्या जाडीहून कमी बदलले तरी यंत्र ते टिपते. डोंगर काही महिन्या-महिन्याला बदलत नाहीत. बदलते ते मुख्यतः पाणी. त्यातून मातीतली ओल वजा केली की भूजलाचा फरक हाती येतो. वाण्याच्या हिशेबासारखी वजाबाकीच ही!

२००९ साली उत्तर छापून आले: राजस्थान, पंजाब, हरियाणा व दिल्ली येथून सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल गेले. पाऊस तर नेहमीसारखाच होता. गेले ते शेतीच्या उपशात. आणि रेशनच्या गव्हातांदळात तिकडचा वाटा मोठा, म्हणजे आपणही त्यातलेच.

उपग्रहाला आपली एकटी विहीर मात्र दिसत नाही. त्याला शेकडो किलोमीटरचा मुलूख लागतो. गेल्या चैत्रात पोहरा पाण्याला टेकला तेव्हा मी दोराला गाठ मारून ठेवली. यंदा गाठीपुढे दोन हात दोर जास्त सोडावा लागला.