भाच्याकडचा वल्हांडण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना 'शनिवार तेली' म्हणत, त्यांच्यातली. आमचे सण तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतील, पण त्यांची जुनी नावं ऐकलीत तर तुम्हाला ती परकी वाटणार नाहीत. नवं वर्ष म्हणजे 'नव्याचा सण', मग 'खिरीचा सण'. जगभरचे यहुदी ज्या कडक उपासाला योम किपूर म्हणतात तो आमचा 'दाराफाळणीचा सण', कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. आणि वसंतात 'अनाशी ढाकायचा सण'. अनाशी म्हणजे आंबट कालवणाचं मडकं. ते आठ दिवस झाकून ठेवायचं, हात लावायचा नाही.

का झाकायचं, हे त्या काळच्या बायकांना सांगता आलं नसतं. मिसर देशातून सुटका झाली, घाईत पीठ आंबवायला वेळ मिळाला नाही, म्हणून या दिवसांत आंबलेलं काही खायचं नाही, ही कथा मधल्या शतकांत विसरली गेली होती. मडकं मात्र विसरलं गेलं नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेल्या आणि १९३७ मध्ये छापल्या गेलेल्या आमच्या समाजाच्या इतिहासात या सणांची नोंद आहे. मी ते पुस्तक प्रथम वाचलं तेव्हा मला वाटलं, अर्थ हरवला तरी माणसं सण धरून ठेवू शकतात. मग एकाच सणाला दोन अर्थ मिळाले तर? त्याच प्रश्नाबद्दल मला आज बोलायचं आहे, कारण तो माझ्या घरातच उभा राहिला.

माझा दादा १९६१ मध्ये इस्राएलला गेला आणि दिमोना या वाळवंटातल्या गावात स्थायिक झाला. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिथेच जन्मला आणि शिकला. काही वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको तिथल्या एका मशीहावादी मंडळीत जाऊ लागले. हे लोक येशूला 'येशुआ' म्हणतात आणि मशीहा मानतात. पण ते आपल्याला ख्रिस्ती म्हणवून घेत नाहीत, यहुदीच म्हणवतात. शनिवार पाळतात आणि मोशेच्या लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातले सगळे सण करतात.

२०१८ मध्ये वल्हांडण सणाला मी दादाकडे गेले होते. त्या वर्षी सणाची पहिली रात्र नेमकी गुड फ्रायडेच्या दिवशी आली होती. वहिनीने घर पुसून काढलं होतं, खमिराचा कण राहू दिला नव्हता. खजुराचा दाट पाक होता, मिठाचं पाणी होतं, कडू पाला होता, भाजलेलं हाड होतं. द्राक्षाच्या मद्यासोबत काळ्या मनुकांचं शरबतही होतं, कारण आमच्या आईच्या घरी तेच असे. दादाने तीन मात्सांपैकी मधली मोडली, अर्धी रुमालात गुंडाळून लपवली. जेवणानंतर पोरांनी ती शोधायची असते. भाच्याच्या सहा वर्षांच्या मुलीला ती सापडली. तिने ती उंच धरली आणि हिब्रूत मोठ्याने म्हणाली, "हा येशुआ आहे. त्याला मोडलं, गुंडाळलं, आणि तो परत आला."

टेबलावर एकदम शांतता झाली. दादाने तिच्या हातातून तो रुमाल हळूच घेतला. तिच्यावर तो ओरडला नाही. भाच्याकडे पाहून मराठीत म्हणाला, "या घरात या भाकरीचा अर्थ एकच."

दादाचा राग समजायचा तर थोडं मागे जावं लागेल. १९६२ मध्ये इस्राएलच्या प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या, की बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. म्हणजे आम्ही खरे यहुदी का, अशी शंका घेतली गेली. दादाचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. १९६४ च्या उन्हाळ्यात आमचे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, त्यांत तोही होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असं स्पष्ट केलं, तेव्हा कुठे मार्ग निघाला. "जे सिद्ध करायला मी उन्हात बसलो, ते माझ्या पोराने सोडून दिलं," असं दादा म्हणतो. त्याच्या दृष्टीने यात धर्म नंतर येतो, आधी अपमान येतो.

दुसऱ्या दिवशी भाचा मला म्हणाला, "आत्या, तू येशील का आमच्याकडे? नुसती बस. काही म्हणू नकोस." आणि सणाच्या मधल्या दिवसांतल्या एका संध्याकाळी मी गेले.

दुकानांच्या मागच्या बाजूला भाड्याने घेतलेला एक हॉल होता. शंभरेक माणसं असतील. हिब्रू बोलणारे, रशियन बोलणारे, इथिओपियाहून आलेले. टेबलांवर तेच सगळं होतं: कडू पाला, मिठाचं पाणी, खजूर-सफरचंदाचं मिश्रण, चार पेले. तिथल्या वडीलधाऱ्याने मांडणी समजावली. लेवीयातले सात सण, त्यांतले चार वसंतातले. वल्हांडण म्हणजे येशुआचं मरण, बेखमीर भाकर म्हणजे त्याचं निष्पाप शरीर, प्रथमफळांचा दिवस म्हणजे त्याचं उठणं, आणि पन्नास दिवसांनी येणारा सप्तकांचा सण म्हणजे पवित्र आत्म्याचं येणं. हे चार पूर्ण झाले, असं ते मानतात. शरद ऋतूतले तीन, कर्ण्यांचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण, अजून पूर्ण व्हायचे आहेत. तीन मात्सांत त्यांना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा दिसतात. मात्सावरच्या रेघा आणि भोकं त्यांना फटक्यांच्या आणि खिळ्यांच्या खुणा वाटतात. जेवणानंतरचा तिसरा पेला हाच येशूने शेवटच्या भोजनात उचलला, असं ते सांगतात.

आमच्याकडे तीन मात्सा म्हणजे याजक, लेवी आणि इस्राएल. भाकर तीच होती, खोकंही वहिनीने आणलेल्या कंपनीचंच.

श्रोतेहो, मी इतिहासाची शिक्षिका होते, त्यामुळे मला तिथे बसल्या बसल्या अनेक गोष्टी आठवल्या. येशू स्वतः यहुदी होता आणि वल्हांडण पाळत होता, यात वाद नाही. पण आपण आज ज्या क्रमाने ही रात्र साजरी करतो, तो क्रम मंदिर इसवी सन ७० मध्ये उद्ध्वस्त झाल्यानंतर, कोकराचा बळी देणं अशक्य झाल्यावर, रब्बींनी बसवत आणला. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात तो दिसतो. तेव्हा रुमालात गुंडाळून लपवलेल्या अर्ध्या भाकरीत येशूच्या काळचं गुपित शोधणं इतिहासाला धरून नाही. हे मी भाच्याला परतताना सांगितलं. तो म्हणाला, "असेल. पण मला तिथे तोच दिसतो."

दुसरी आठवण याच्या उलट दिशेची होती. इसवी सन ३२५ मध्ये निकायाच्या परिषदेने ईस्टर यहुदी पंचांगापासून तोडला. पुढे बाप्तिस्मा घेतलेल्या यहुद्यांनी हे सण पाळणं हा गुन्हा झाला. लांब कशाला, आपल्या शेजारच्या गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया द ओर्ता मेल्यानंतर लपून यहुदी धर्म पाळल्याचा दोषी ठरला आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली गेली. येशूचं नाव घेणाऱ्याने वल्हांडण पाळावा, याची शिक्षा एकेकाळी ही होती. आणि आज त्या हॉलमधली माणसं उघडपणे तेच करत होती. चर्चने नको म्हटलेलं हे टेबल यहुदी समाजालाही नको आहे. १९८९ मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की येशूवर विश्वास ठेवणारा परतीच्या कायद्याच्या दृष्टीने यहुदी धरला जाणार नाही. तिथेच जन्मलेल्या माझ्या भाच्याचं नागरिकत्व त्याने जात नाही. पण 'तू आमचा का?' हा त्याच्या बापाला विचारलेला प्रश्न आता त्याच्याही वाट्याला आला आहे.

जेवणानंतर एलियाहू हानबीसाठी दार उघडलं. तुम्ही अलिबागकडचे असाल तर खंडाळ्याजवळच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आम्ही मानतो, हे ऐकलं असेल. आमच्या घरात मलिद्याचं ताट त्याच्याच नावाने होतं. मशीहा येण्याआधी एलियाहू येणार, म्हणून त्याच्यासाठी दार उघडायचं. त्या हॉलमध्ये सांगितलं गेलं, की एलियाहूचं काम बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने केव्हाच केलं, आणि आता येशुआच्या परतण्याची वाट पाहायची. मी मात्र माझ्या एलियाहूसाठीच उभी राहिले.

गाडीत मी भाच्याला एकच गोष्ट सांगितली. "तुला जे दिसतं ते तू बघ. पण माझ्या आईचा सण अपुरा होता, सावली होता, आणि तो आता तुम्ही पूर्ण केला, असं मुलीला शिकवू नकोस. १८२९ मध्ये स्कॉटलंडहून मुंबईला आलेल्या जॉन विल्सन यांनी आपल्या लोकांना हिब्रू शिकवलं, १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्यांना आपण ख्रिस्ती व्हायला हवे होतो. आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं, विद्येबद्दल त्यांचे आभार मानले, आणि बहुतेक सगळे आपल्या धर्मात राहिले. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाची पोथी मराठी अर्थासह छापली गेली. अर्थ नव्हता तेव्हाही सण पुरा होता, आणि अर्थ कळल्यावरही पुराच होता." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, हे मी तिला सांगेन. पण माझंही सांगेन."

घरी दादा जागा होता. त्याने विचारलं, "मिठाचं पाणी होतं का?" मी म्हटलं, होतं. "कडू पाला?" तोही होता. थोड्या वेळाने म्हणाला, "पोरीने चार प्रश्न नीट म्हटले का?" मी म्हटलं, "एकही शब्द चुकली नाही. तूच शिकवलेस ना?" तो काही बोलला नाही, उठून आत गेला.

माझा दादा चुकला असं मी म्हणणार नाही. प्रत्येक घराला आपल्या टेबलावर काय म्हटलं जाईल हे ठरवायचा हक्क आहे. दोन धर्मांचे अर्थ गोडीगोडीत एकच आहेत असं म्हणून टाकणंही मला पटत नाही. ते एक नाहीत. पण अर्थ न पटणं वेगळं आणि माणसाला 'तू आमचा नव्हेस' म्हणणं वेगळं. पहिलं आम्ही आयुष्यभर केलं. दुसरं आमच्यावर झालं, आणि ते किती लागतं हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पुढच्या वर्षी वहिनीचा फोन आला. दादाने पहिल्या रात्री भाच्याच्या सगळ्या कुटुंबाला बोलावलं होतं. अट एकच होती: लपवलेली भाकर सापडली की ती आजोबांच्या हातात द्यायची आणि बक्षीस घ्यायचं, भाषण करायचं नाही. मुलीने भाकर दिली आणि सायकल मागितली. दादाने ती घेऊन दिली.