मोळीतली फांदी

(स्त्री-संघटनांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जंगलात पडलेल्या फांद्यांपासून आम्ही स्टुलं, खुंट्या, चाटू असं जे काही करतो, त्याबद्दल बोलायला मला सांगितलं आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'महिलांसाठी जोडधंदा' असं छापलंय. त्या शब्दाशी माझं भांडण आहे, पण आधी काम सांगते.

बाया सरपणाला जातात तेव्हाच हे काम सुरू होतं. मोळी बांधता बांधता एखादी फांदी बाजूला निघते. बेचकं असेल तर त्याची खुंटी होते, सरळ आणि मनगटाएवढी असेल तर स्टुलाचा पाय. फांदी दगडावर ठोकून बघायची. खणखणीत वाजली तर ठेवायची, बद्द वाजली तर चुलीत. सालीखाली बारीक भुसा दिसला तर भुंगेऱ्यांनी पोखरली असं समजायचं. साल काढायचीच, कारण कीड तिच्या आडोशाने राहते. वाळवायची सावलीत. उन्हात टोकं तडकतात, म्हणून आम्ही टोकांना शेणमाती लिंपतो. ओल सावकाश जाते.

जोडाला खिळा नाही. पायाच्या टोकाला कुसू काढायचं आणि ते बैठकीच्या भोकात ठोकायचं. कुसू खडखडीत वाळलेलं हवं आणि बैठक जराशी ओली. बैठक वाळताना आकसते आणि कुसू आवळून धरते. हे मला समाजकार्याच्या पदवीत कुणी शिकवलं नव्हतं. एका मावशींनी सांगितलं, "कोयत्याची मूठ उन्हाळ्यात ढिली का होते? ओली घातलेली असते म्हणून. इथं तेच उलटं करायचं." पाय तीनच ठेवतो. सारवलेल्या उंचसखल जमिनीवर चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तीन पायांचं नाही.

आता भांडणाकडे येते. पहिल्या शिबिराला शहरातून एक सुतार आले होते. शिकवायचे चांगलं. पण पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत, कुणी काही न सांगता, वाटणी होऊन गेली. करवत, वाकस, पटाशी पुरुषांकडे. फांद्या आणणं, साल सोलणं, पॉलिशपेपर घासणं बायांकडे. माल विकला गेला, मानधनाचं पत्रक झालं. पुरुषांच्या नावापुढे 'कारागीर', बायांच्या नावापुढे 'मदतनीस' आणि निम्मा दर. ते पत्रक मी केलं होतं. समान वेतनावर मी भाषणं दिलेली आहेत, तरी ते माझ्या हातून झालं आणि मला खटकलंसुद्धा नाही. अंगठा उठवायच्या वेळी त्याच मावशींनी विचारलं, "ताई, फांद्या काय पायांनी चालत आल्या?"

एका स्टुलाला सारखे तीन पाय जुळायला कधी कधी तीन-चार फेऱ्या होतात. कोणतं लाकूड वाळताना पिळतं, कोणतं वर्षभरात कीड धरतं, ही पारख त्या फेऱ्यांतूनच आलेली. ती चुकली तर सुताराची सगळी कारागिरी पाण्यात. आता आमच्या पत्रकात वेचणी आणि पारख यांची वेगळी ओळ आहे आणि तिला दर आहे.

हत्यारांचं अधिक कठीण गेलं. बाईने नांगर धरू नये, छपरावर चढू नये, असं आपल्याकडे अनेक समाजांत मानतात. वाकस-पटाशीही त्याच रांगेत जाऊन बसली. कोयता मात्र बाईच्या हातात दिवसभर चालतो, कारण कोयत्याने सरपण येतं आणि सरपणाला मजुरी नसते. दुसऱ्या शिबिराला फक्त बाया बसलो. दोन दिवस वस्तू एकही केली नाही, नुसतं हत्यार धरायला आणि धार लावायला शिकलो. एकीने पटाशी घरी नेली, ती नवऱ्याच्या पेटीत गेली आणि परत आलीच नाही. तेव्हापासून हत्यारं गटाच्या नावावर, गटाच्या पेटीत. आणि भाताची कापणी संपली की ज्या घरात दुसरी कमाईच नाही, तिथे हा 'जोड'धंदा नेमका कशाला जोडलेला, हे पत्रिका छापणाऱ्यांनी सांगावं.

एका वहिनीची मोळी नाक्यावर अडवली, कोयता काढून घेतला. दंड भरल्यावर कोयता मिळाला, पावती मिळाली नाही. त्याच आठवड्यात तसल्याच फांदीचा दिव्याचा स्टँड शहरातल्या प्रदर्शनात कौतुकाने विकला गेला.

१९२७ च्या भारतीय वन कायद्यात पडलेलं झाडही इमारती लाकूडच धरलंय, तासलेलं असो वा नसो. बुडखे आणि झुडपी लाकूड यांनाही तिथे 'झाड' म्हटलंय. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र हेच बुडखे आणि झुडपी लाकूड, बांबू-वेतासोबत, गौण वनोपजात घातलं आणि परंपरेने ते गोळा करणाऱ्या वनवासी समाजांचा त्यावरचा मालकी हक्क मान्य केला. २०१२ च्या सुधारित नियमांनी त्यावर प्रक्रिया करणं, साठवणं, जंगलाबाहेर नेऊन विकणंही हक्कात आणलं. वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा. जाड ओंडका यात बसत नाही, त्याला आम्ही हात लावत नाही. कुजकी लाकडंही जंगलातच राहू देतो, त्यांच्यावर जगणारे जीव आहेत.

कागदावरचा हक्क चालायला वेळ लागतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. आपल्याला त्यात आणखी एक अडचण. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बाया हव्यात, असा नियम आहे. आमच्या एका गावात समितीतल्या बायांना आपण समितीत आहोत हे आम्ही सांगितल्यावर कळलं!

म्हणून गावोगावी दावे भरताना 'सरपण' एवढा एकच शब्द लिहून थांबू नका. सरपण म्हटलं की घरची चूल, आणि चुलीपलीकडे विचारायला कुणी येत नाही. फांद्या, काटक्या, बुडखे, वेली अशी नावं लिहा आणि पुढे 'वस्तू करून विक्रीसाठी' असंही लिहा. दावा लिहिला जातो त्या दिवशी सभेला बाया हजर राहतील एवढं बघा, मग सभा रात्री असली तरी.

टणटणीबद्दल काही जणींनी विचारलं होतं. कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरात सोलिगा आणि इतर समाजांतले लोक या माजलेल्या परक्या झुडपाचं फर्निचर करतात. काठ्या मोठ्या पिंपात उकळायच्या, साल सोलायची आणि गरम असतानाच वाकवायच्या. वेताच्या जागी चालते. आम्ही अजून केलेलं नाही, या उन्हाळ्यात करून बघणार आहोत.

आमची स्टुलं मागच्या टेबलावर आहेत. चिठ्ठीवर वेचणीचे पैसे वेगळे लिहिलेत, ते जास्त वाटले तर त्या मावशी तिथेच बसल्या आहेत, त्यांना विचारा.