दुःखाला अक्षर द्या
(नंदुरबार जिल्ह्यातील एका वंदना-सभेत केलेले भाषण)



माता रमाई 27 मे 1935 रोजी राजगृहात गेल्या. वय अवघे 37. बाबासाहेब शोकाने खचले. पुढे 1940 च्या अखेरीस त्यांचा ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ आला. विषय राजकारणाचा, पण अर्पणपत्रिकेत नाव ‘रामू’चे! तिच्या निर्मळ मनाची आणि हलाखीच्या दिवसांत दिलेल्या साथीची तेथे कृतज्ञ नोंद आहे. मृत्यूनंतर साडेपाच वर्षांनी!

सर्पदंशाने पती गमावलेली पटाचारा पुढे थेरी झाली. तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत.

आपल्याकडेही शेतात साप चावतो, रस्त्यात अपघात होतो आणि विशीतली मुलगी एकटी पडते. पुण्यानुमोदनाला आपण सारे बोलतो. ती मात्र मुकी बसते. तिच्या हाती एक वही द्या. तो कसा हसायचा, काय बोलायचा, हे तिला हवे तेव्हा लिहू द्या. लिहिता येत नसेल तर विद्यार्थिनींनो, तिच्याजवळ बसा आणि तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. पत्नी गमावलेल्या तरुणालाही हेच सांगा.

लिहिल्याने माणूस परत येत नाही. पण मनातले ओझे थोडे कागदावर उतरते. ‘आता किती दिवस रडणार?’ असे मात्र कोणी विचारू नका. साडेपाच वर्षांनीही बाबासाहेब रमाईंना विसरले नव्हते.

नमो बुद्धाय! जयभीम!