मूल कोणाचें?

(पोलादपूर येथें पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



नवराबायकोचें बिनसलें कीं तंटा आम्हां मास्तरांच्या टेबलापाशीं येतो. बाप म्हणतो, "गुरुजी, पोराचा दाखला माझ्या हातीं द्या." आई म्हणते, "दाखला दिलात तर पोर मुंबईस जाईल, पुन्हां दृष्टीस पडणार नाहीं." पोर दाराशीं उभें असतें, त्यास कोणी विचारीत नाहीं.

हल्लीं बापांची तक्रार मोठ्यानें ऐकूं येते. कोर्ट बायकांच्या बाजूचें, पोर आईकडे आणि पोटगी आमच्याकडे! शहरांत पुरुषांच्या हक्कांकरितां मंडळ्याही निघाल्या आहेत. ही तक्रार हंसण्यावारी नेऊं नये. कोर्टाच्या आवारांत तासभर पोराचें तोंड पाहून परतणारा बाप आम्ही पाहिला आहे. पोर त्याच्याकडे परक्यासारखें बघतें. सुताराचें पोर बापाच्या हाताखालींच वाकस धरावयास शिकतें. तो हात तुटणें ही लहान गोष्ट नव्हे.

पण कायदा काय म्हणतो तेंही ऐका. हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा. त्याच्या ६ व्या कलमांत बाप पहिला पालक, त्याच्या मागून आई. पांच वर्षांच्या आंतलें मूल मात्र सामान्यतः आईजवळ असावें, हेंही त्याच कलमांत. म्हणजे कागदावरचा मान बापाला व अंगावरचें मूल आईला! बाळाचें हगणेंमुतणें आईनें काढावें, बापानें नांव लावावें व पैसे धाडावे, ही आपल्याच घरांतली चाल तेथें उतरली आहे. मग कोर्टानें पोर आईस दिलें कीं बापानें नवल कां करावें?

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बाई म्हणजे शेत व पोर म्हणजे शेतमालकाचें पीक, असा हिशेब आहे. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजीं आपल्या महाडांतच जाळला गेला. हिशेब मात्र डोक्यांत राहिला. पोर आईचें शेत नव्हे आणि बापाचेंही नव्हे. मुलें हीं आईबापांची मालमत्ता नव्हेत, असें सुप्रीम कोर्टानें १९७३ सालींच सांगितलें. बाप हयात असूनही मुलाकडे पाहत नसेल तर आईच पालक, असें त्याच कोर्टानें १९९९ सालीं ठरविलें. दोघांनीं मिळून ताबा सांभाळावा, अशी शिफारस विधी आयोगानें २०१५ सालीं केली. ती कायद्यांत आली नाहीं. ती यावी असें आम्हांस वाटतें.

तोंवर काय? आपल्याकडचे पुष्कळ बाप मुंबईस. गणपतीला यायचें, शिमग्याला यायचें. उद्यां जज्जानें विचारलें, पोर कितवींत आहे, ताप आला तेव्हां रात्र कोणीं काढली, तर उत्तर आहे काय? ज्याच्यापाशीं उत्तर आहे त्या बापास केवळ पुरुष म्हणून मागें सारणें हा अन्यायच. ज्याच्यापाशीं नाहीं त्यानें मोर्चा काढून काय मिळणार!

आणखी एक. रातोरात पोर पळवून मुंबईस नेलें म्हणजे दावा जिंकला असें नाहीं. १८९० च्या कायद्याप्रमाणें मूल नेहमीं जेथें राहतें तेथल्या जिल्हा कोर्टांत अर्ज चालतो. भेट बंद म्हणून पोटगी बंद, पोटगी थकली म्हणून भेट बंद, हे दोन्ही धंदे सोडा, बायांनो आणि बाबांनो. दोहोंतही उपास पोराचाच.

आमच्या शाळेपुरतें सांगतों. कोर्टाची मनाई नसेल तर मुंबईहून आलेल्या बापानें मधल्या सुट्टींत यावें, पोराची वही पाहावी, त्याच्या बाजूस बसावें. आईनें त्याकरितां रुसूं नये. दाखला मात्र आम्ही एकट्याच्या हातीं देणार नाहीं. दोघें या, नाहींतर कोर्टाचा हुकूम आणा.