श्वासनळीतला छोटा फुगा



येडशीहून एखादा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी धाराशिवला जातो.
पूर्ण भूल दिल्यावर अनेकदा श्वासनलिकेत नळी घालतात.
नळीच्या टोकाजवळ हवेचा छोटा फुगा असतो.

फुगा सैल राहिला, तर हवा गळते.
पोटातलं पाणी फुप्फुसात उतरू शकतं.

जास्त फुगला, तर आतल्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा दबतो.
घसा दुखतो. आवाज बसतो.

म्हणून दाब बेताचा हवा.
साधारण 20 ते 30 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका.
बोटांनी चाचपून तो नेमका कळत नाही.
दाबमापकच लावायला हवा.

नायट्रस ऑक्साइड वायू वापरला, तर तो फुग्यात शिरतो, दाब वाढवतो.
तेव्हा पुन्हा मोजायचा.
दाब बेताचाच हवा, श्रोतेहो.

शस्त्रक्रियेनंतर श्वास अडला, गिळता आलं नाही,
किंवा आवाज बसलेलाच राहिला,
तर डॉक्टरांना लगेच सांगा.