अंथरुणावरचे आठ तास



रात्री दहाला अंथरुणावर पडावे, सकाळी सहाला उठावे, आणि उठतानाच अंग जड व डोके सुन्न असावे, अशी तक्रार करणाऱ्या माणसाला बहुधा दोन उत्तरे मिळतात. घरची मंडळी त्याला आळशी ठरवतात. हितचिंतक सांगतात, आणखी लवकर निजत जा. पहिले उत्तर अन्यायाचे आहे. दुसरे तपासून पाहण्याजोगे होते, आणि ते तपासले गेले आपल्याच ह्या चेन्नई शहरात.

अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने येथील कमी उत्पन्नाच्या ४५२ स्त्री-पुरुषांना महिनाभर संगणकावर माहिती भरण्याचे काम दिले आणि त्यांच्या मनगटावर घड्याळासारखे एक यंत्र बांधले. हाताच्या हालचालींवरून माणूस झोपला आहे की जागा, ह्याचा अंदाज हे यंत्र करते. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ही माणसे रात्री सरासरी आठ तास अंथरुणावर असत. प्रत्यक्ष झोप मात्र साडेपाच तासांहून थोडीच अधिक. रात्रीतून तीसपेक्षा जास्त वेळा, म्हणजे सुमारे दर पंधरा मिनिटांनी, त्यांची झोप चाळवत होती. अशा क्षणिक जागेपणाची आठवण सकाळी उरत नाही. म्हणून ‘मी आठ तास झोपलो’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो; त्याला ठाऊक असते ते तो सांगतो.

पुढे काहींना डोळ्यांवर बांधायची पट्टी, कानांतले बोळे, गादी, उशी, पंखा अशा वस्तू व झोपेविषयी सल्ला देण्यात आला. काहींना तर जास्त झोपल्याबद्दल पैसेही दिले. झोप रोज सरासरी २७ मिनिटांनी वाढली. पण कामाची गती, लक्ष, मनःस्थिती ह्यांत दिसण्यासारखा फरक पडला नाही. उलट कामाच्या ठिकाणी दुपारी शांत जागी अर्धा तास डुलकी घेऊ दिली, तेव्हा काम सुधारले, लक्ष सुधारले, मनही प्रसन्न झाले. अर्थात ती अर्ध्या तासाची मजुरी बुडते, आणि तेवढा वेळ काम करीत राहणारा अधिक कमावतो, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. गरिबाच्या हिशेबात ती बाब लहान नाही.

जास्त झोपूनही लाभ का झाला नाही? संशोधकांचा तर्क असा की ती झोप पूर्वीसारखीच तुटक राहिली. मला तो पटतो. झोप ही हंड्यात साठणाऱ्या पाण्यासारखी केवळ मापाची वस्तू नव्हे. उथळ झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप अशी तिची आवर्तने साधारण दीड तासाची असतात, आणि गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या प्रहरांत येतो. वारंवार चाळवलेला निद्रिस्त पुन्हापुन्हा उथळ पायरीवर येतो. आवर्तन मोडते, तास मात्र भरतात.

आपल्या शहरात ते मोडण्यास कारणांची वाण नाही. झोप लागताना शरीराचे आतले तापमान सुमारे एक अंशाने उतरावे लागते, आणि ती उष्णता मुख्यतः हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. ‘अग्नी नक्षत्रम्’च्या मे महिन्यात येथील रात्रही २७-२८ अंशांखाली क्वचितच जाते, हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, आणि दिवसभर तापलेली स्लॅब रात्रभर ती ऊब खोलीत सोडत राहते. त्यात डास, रहदारी, आणि एका खोलीत पाच माणसे. चटई उचलून मोट्टै माडीवर, म्हणजे गच्चीवर, झोपायला जाण्याची आपली जुनी रीत ह्या दृष्टीने शहाणपणाचीच होती. आता ज्याच्या वाट्याला गच्ची नाही त्याने काय करावे, ह्याचे उत्तर वैद्याकडे नाही; ते घरे बांधणाऱ्यांकडे आहे.

ज्यांच्या खोलीत वातानुकूलन आहे असे गृहस्थही थकून उठतात, तेव्हा कारण शरीरात शोधावे. एक म्हणजे रक्तक्षय. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत तो आढळला. अशा स्त्रीची झोप निर्दोष असली तरी थकवा राहतो, आणि घरातले तिलाच ‘अजून झोप’ म्हणून सांगतात. रक्ताची एक साधी तपासणी येथे पुष्कळ उपदेशाचे काम करते.

दुसरे कारण झोपेतील श्वासरोध. घशातील शिथिल स्नायूंमुळे वायुमार्ग बंद होतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक थांबतो, मेंदू क्षणभर जागा होऊन मार्ग मोकळा करतो, आणि हे तासाला कित्येकदा घडते. रुग्णाला ह्याचा पत्ता नसतो. शेजारी निजणाऱ्याला असतो. घोरणे चालू असता मध्येच भयाण शांतता पसरते आणि मग गुदमरल्यासारखा हिसका बसतो, असे पत्नी सांगते, तेव्हा तिचे म्हणणे थट्टेवारी नेऊ नये. सिडनीचे कॉलिन सलिव्हन ह्यांनी १९८१ साली नाकावरील मुखवट्यातून हलक्या दाबाची हवा सोडून हा मार्ग उघडा ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. तो आज आपल्या शहरातही मिळतो. तपासणीला येताना पत्नीला बरोबर आणावे. रात्रीची साक्षीदार तीच असते.