हवापालट



हवापालट हा श्रीमंतांचा षोक होय, असे आपणांपैकी पुष्कळजण समजतात. मग महाबळेश्वरचा खर्च ज्यास झेपत नाही, त्याने जन्मभर आपल्या शेतातील काळ्या ढेकळांकडेच पाहावे काय? रोज तेच पाहून दृष्टी बोथट होते आणि दृष्टीमागून मनही. परंतु आपल्याच धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गचा किल्ला आहे. तेथे बोरी नदीवर दगडी बंधारा असून त्याच्या पोटात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, सन १६१३ च्या सुमारास पाणीमहाल बांधला गेला. पाऊस भरपूर झाला म्हणजे बंधाऱ्यावरून नर व मादी हे दोन धबधबे कोसळतात. महालात उभे राहावे, तो समोर पाण्याचा पडदा आणि अंगावर थंडगार तुषार! ज्या माउलीने चैत्रात एका घागरीसाठी कोसभर पायपीट केली, तिला हे पाणी काय वाटत असेल, ते पुण्यामुंबईच्या प्रवाशास कळावयाचे नाही. अवर्षणाच्या वर्षी मात्र तेथेही कोरडा दगडच दिसतो. म्हणून यंदा पाणी वाहू लागताच घरातील वृद्धांस, आणि विशेषेकरून चुलीपाशी जन्म घालविणाऱ्या स्त्रियांस, एकवार तेथे न्या. खुरपणी एक दिवस थांबेल.